आखाड्याच्या एपिसोडबद्दल सगळे विचारतात ते प्रश्न

मी एका फँटसी सिरियलच्या ॲक्शन टीममध्ये असिस्टंट आहे. सिरियलचं नाव इथे लिहिता येत नाही, करारात तशी अट आहे, पण ज्यांनी मेसेज केलेत त्यांना ते माहितीच आहे. राजकुमारी पाताळातल्या आखाड्यात जाते, म्हाताऱ्या गुरूकडे विद्या शिकते आणि शेवटी स्वतःच्याच सावलीशी लढते, तो एपिसोड. टेलिकास्ट झाल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कुठलाही एक प्रश्न उघडून वाचलात तरी उत्तर कळेल, फक्त एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा येतो म्हणून मध्ये मध्ये वर बघा, खाली बघा असं म्हटलंय.

शूटिंग कुठे झालं? ते पाताळ खरोखर कुठे आहे का?

गोरेगाव पूर्वेला, दादासाहेब फाळके चित्रनगरीत. १९७७ ची जागा, पाचशे एकरांच्या वर पसरलेली, एकीकडे आरे आणि दुसरीकडे नॅशनल पार्कचं जंगल. पाताळ म्हणजे तिथल्याच एका फ्लोअरवर उभं केलेलं थर्माकोल, फायबर आणि प्लॅस्टरचं काम आहे, हात लावलात तर दगड हलतो. मधला आखाडा मात्र आर्टवाल्यांनी मनापासून केला होता, चाळलेली लाल माती आणि तिच्या खाली फोमच्या मॅट. कोल्हापूरच्या तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद वगैरे घालतात त्यामुळे ती अंगाला लागली तरी मऊ असते आणि उडत नाही. आमची कोरडी होती, लाइटच्या गरमीत ती इतकी उडायची की दोन टेकनंतर सगळे खोकत बसायचे, मग स्प्रेने पाणी मारायचं, मग त्याच मातीवर पाय घसरायचे. एपिसोडमध्ये गुरू एका जागी उभा राहून लढतो आणि बघणाऱ्यांना वाटतं काय ठेहराव आहे माणसाचा, त्याचं निम्मं कारण ही माती.

सेटवर बघायला येऊ शकतो का?

नाही. फाइटच्या दिवशी तर युनिटमधल्या ज्यांचं काम नाही त्यांनाही बाहेर बसवतात. आणि रात्री उशिरा पॅकअप झाला की आम्ही स्वतःसुद्धा घोळक्यानेच गाडीपर्यंत जातो, कारण तिथे बिबट्या फिरतो ही काही अफवा नाही.

ही नक्की कुठली मार्शल आर्ट होती? कराटे, कलरी की आपले मर्दानी खेळ?

मिसळ होती, खोटं कशाला सांगू. पण उगाच कसंही कालवलेलं नव्हतं. गुरूचं बसणं, खाली झुकून पाय लांब टाकणं, हत्तीसारखा, सिंहासारखा पवित्रा घेणं हे कलरीपयट्टूचं, केरळातलं. तिथे आधी अंगाची कसरत, मग लाकडी काठ्या, मग धातूची शस्त्रं आणि सगळ्यात शेवटी रिकाम्या हाताची लढाई असा क्रम असतो, तो आम्ही राजकुमारीच्या शिक्षणात तसाच ठेवला. म्हणूनच ती शेवटी शस्त्र टाकून हाताने लढते. बऱ्याच जणांनी विचारलं की शस्त्र असताना ते का टाकलं, तर हे उत्तर. म्हातारा माणूस एवढं करूच शकत नाही असंही काहींनी लिहिलंय, त्यांनी केरळातल्या वडकराच्या कलरी गुरू मीनाक्षी अम्मांचे व्हिडिओ बघा, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या.

राजकुमारीच्या हातातला दांडपट्टा आणि काठी फिरवणं हे आपले मर्दानी खेळ, कोल्हापूरकडचे. उड्या, कोलांट्या आणि दोरावरचं काम मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्समधून आलेलं. कराटे कुठेही नाही, एक किक सोडली तर, आणि ती चॅनलला हवी होती.

हिरोईन स्वतः लढली की डुप्लिकेट होती?

दोघीही. चेहरा दिसतो तिथे बहुतेक तीच, पाठ किंवा लाँग शॉट दिसला आणि अंग हवेत गेलं की डबल. पण इतकी सोपी वाटणी नसते, कारण फाइट कापली जाते ती हालचालीच्या मधोमध. हिरोईन उडी घ्यायला वाकते, कट, डबल हवेत, कट, हिरोईन जमिनीवर एका गुडघ्यावर येऊन वर बघते. त्यामुळे दोघींना तीच हालचाल त्याच लयीत करावी लागते आणि हिरोईनला वाकणं आणि उतरणं हे दोन्ही नीट यावंच लागतं, नाहीतर जोड दिसतो. आमच्या हिरोईनने ते मनापासून केलं, गुडघ्याला पॅड बांधून केलं, पण केलं.

डबल म्हणून येणाऱ्या मुलींमध्ये आता मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सवाल्या बऱ्याच दिसतात. दादरला शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर पोरी काय करतात ते कधी संध्याकाळी जाऊन बघा, तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वी पुरुष फायटरलाच विग आणि साडी घालून उडवायचे. त्या काळात रेश्मा पठाणसारखी बाई उभी राहिली, शोलेमध्ये बसंतीचा टांगा पळतो तेव्हा त्यावर डबल म्हणून त्याच होत्या, १९७५ साली.

मार खरंच लागतो का?

ठरवून मारलेला लागत नाही, चुकून बसलेला लागतो. बुक्की चेहऱ्यापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या डोक्यामागे ठेवला की मधलं अंतर दिसतच नाही, त्यात लांब लेन्स लावली की दोघं अजून चिकटलेली वाटतात. कॅमेरा बाजूला आला की मात्र सगळं उघडं पडतं.

पण अँगलपेक्षा मोठी गोष्ट आहे रिॲक्शन. आमच्या धंद्यात मारणाऱ्याला टाळ्या आणि मार खाणाऱ्याला पैसे, असं गमतीत म्हणतात, आणि ते खरंही आहे कारण (पैसे सोडा) बुक्की किती जोरात बसली हे मार खाणाराच ठरवतो. मान कधी फिरवायची, आधी मान मग खांदा मग कंबर असं अंग कसं सोडायचं, पडताना आधी तळहात आणि दंड आपटून धक्का कसा पसरवायचा हे सगळं त्याच्याकडे. मान जरा जरी आधी फिरली तर हिरो हवेत हात फिरवतोय असं दिसतं आणि अख्खा शॉट वाया. त्या एपिसोडमध्ये राजकुमारी पहिल्यांदा सहा राक्षसांना लोळवते ना, परत बघाल तेव्हा तिच्याकडे बघूच नका, डावीकडून तिसऱ्या राक्षसाकडे बघा. तो फायटर काठी लागायच्या आधी श्वास सोडतो, पोट आत घेतो, पाय उचलतो आणि मग पाठीवर पडतो, काठी त्याच्या अंगाला शिवलेलीही नाही. नवीन ॲक्टरला आम्ही सांगतो ते एवढंच, तू फक्त हात वेळेवर टाक, बाकी दादा बघून घेतील.

मग ते उंचावरून पडतात तेव्हा खाली काय असतं?

पुठ्ठ्याचे खोके. खरंच. रिकामे कार्टन उघडे-बंद करून एकावर एक रचायचे, भोवती दोरी बांधायची म्हणजे थर बाजूला सरकत नाही, वर गाद्या टाकायच्या. माणूस पडला की खोके चुरगळतात आणि धक्का खातात. गादीवर थेट पडलं तर अंग उसळतं आणि त्यात मान जायची भीती, खोका उसळवत नाही. चुरगळलेले खोके मात्र परत वापरायचे नाहीत, प्रत्येक टेकला नवीन रचायचे, आणि प्रॉडक्शनवाल्याचा चेहरा तेव्हाच बघण्यासारखा असतो.

एवढी लांब फाइट पाठ कशी होते?

आकड्यांवर. एक वार म्हणजे एक आकडा, आठ-दहा आकड्यांचा एक तुकडा, तेवढाच एका वेळी शूट करायचा. फाइट मास्टर आधी फायटर घेऊन पूर्ण फाइट बसवतात, ती मोबाइलवर शूट करून कच्ची एडिट करतात आणि ती डायरेक्टर आणि कॅमेरामनला दाखवतात, मग काय ते वाद तिथेच होतात. ॲक्टर येतो सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या आधी बारा सीन बाकी असतात. कलरीतही गुरू तोंडाने आज्ञा देत जातात आणि शिष्य तसं तसं करत जातो, आमच्या गुरूचं काम केलेल्या कलाकाराला ते इतकं आवडलं की शूटमध्येही तो आकडे मोठ्याने बोलायचा, मग ते सगळं डबिंगला काढायला लागलं.

तलवारी, भाले खरे असतात का? आणि त्याला परवाना लागतो का?

एकाच तलवारीचे तीन भाऊ असतात. क्लोजअपला धातूची, बोथट, वजनदार, कारण हातातलं वजन मनगटावर दिसतं. लढायला फायबर किंवा हलक्या ॲल्युमिनियमची. आणि अंगावर पडायची असेल किंवा घोळक्यात पळायचं असेल तर रबराची. धार कशालाच नसते. परवान्याचं म्हणाल तर आर्म्स ॲक्टच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे, त्यामुळे घरी शोभेला असलेली आजोबांची तलवार घेऊन कोणी रील बनवायला चौपाटीवर जाऊ नका, पोलीस फँटसी बघत नाहीत.

दांडपट्टा एवढा कसा वाकतो? ती उरुमी होती का?

नाही, लोक इथे फार गोंधळतात. उरुमी कलरीतली, अख्खी लवचीक, बेल्टसारखी कमरेला गुंडाळता येते. दांडपट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, आत हाताची मूठ बसते, त्यामुळे मनगट वळतच नाही आणि सगळं फिरवणं खांद्यातून आणि कोपरातून येतं. पातं लांब, पातळ, थोडं लवतं एवढंच. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्यशस्त्र जाहीर केलंय, शिवजयंतीला.

शूटसाठी मनगट न वळणं हाच मोठा प्रॉब्लेम. तलवार शिकलेला ॲक्टर सवयीने मनगट फिरवायला जातो आणि खोबळ्याची कड हाडावर घासते. आतून स्पंज लावला तरी दुपारपर्यंत हिरोईनचा हात लाल. पात्याचाही ताप होता, ॲल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली की वाकलेलीच राहते, म्हणून शेवटी प्लॅस्टिकची पट्टी चंदेरी रंगवून लावली. जवळून बघितलं तर टोकाचा रंग उडालेला दिसतो, दोघांनी ते पकडून स्क्रीनशॉटही पाठवलेत.

हवेत उडतात कसे?

केबलवर. कपड्यांच्या आत हार्नेस म्हणजे अंगाला आवळलेले पट्टे, त्याला कमरेच्या दोन बाजूंना कड्या असतील तर कोलांटी मारता येते, पाठीला एक कडी असेल तर मागे फेकला गेल्यासारखा झटका देता येतो. केबल वर पुलीवरून जाते आणि दुसऱ्या टोकाला आमची माणसं. हो, माणसंच, मशीन नेहमी नसतं. पुली अशी लावायची की ओढणारे एक फूट धावले की वरचा दोन फूट जातो, फक्त जोर दुप्पट लागतो, म्हणून चार-पाच जण दोर धरून आकड्यावर एकदम धावतात. उडणाऱ्याने स्वतः उडी मारायची नाही हे सगळ्यात कठीण, कारण अंग आपोआप मारतं, आणि मारली की केबल सैल पडून पुढच्या क्षणी झटका बसतो. हार्नेस मांड्यांत इतका रुततो की लंच ब्रेकला काढला नाही तर माणूस बसू शकत नाही. हे सगळं बारीक पाहणारे लोक नंतर लिहितात, उडताना चेहरा रागीट का नव्हता. अहो, तो राग नाही दाखवू शकत, तो सहन करतोय.

गुरू धुक्यातून उडी मारतो तिथे वायर दिसली! चूक झाली का?

चूक म्हणण्यापेक्षा वेळ संपली. वायर काढायला तीच फ्रेम माणसाशिवाय पण शूट करून ठेवतात, तिला क्लीन प्लेट म्हणतात, मग वायरच्या जागी त्यातला तुकडा बसवायचा. मागे भिंत असेल तर सोपं. आम्ही मागे सोडला होता धूर, आणि धूर काही दुसऱ्या टेकला त्याच जागी थांबत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेम हाताने रंगवायची वेळ येते. व्हीएफएक्सवाली पोरं रात्रभर बसून होती आणि एपिसोड संध्याकाळी लागायचा होता. अशा वेळी आठ शॉट आहेत आणि सहाच होणार तर कुठले दोन सोडायचे हे ठरवावं लागतं, आणि चेहऱ्यावरची वायर आधी काढतात, डोक्यावरची नंतर. ॲपवर नंतर बघितलंत तर तिथे नाहीये.

सावलीशी लढाई पूर्ण कॉम्प्युटरवर केली का?

नाही, आणि हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं. सावली म्हणजे दुसरी डबल, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या लायक्रात, चेहऱ्यावर पण काळं जाळीचं कापड, त्यातून तिला अर्धवटच दिसायचं. धुरासारख्या कडा नंतर लावल्या, पण लढाई खरी दोन माणसांची.

गंमत अशी की सावली समोर उभी असली की आरशासारखी असते. हिरोईन उजव्या हाताने पट्टा चालवते तर सावलीने डाव्या हाताने चालवला पाहिजे. डबल उजवीच, तिने सगळी फाइट उजव्या हाताने पाठ केली होती आणि मास्तरांच्या लक्षात हे रिहर्सलला आलं, तेव्हा सेट तयार, लाइट तयार. फ्रेम उलटी करून टाकू असं कोणीतरी सुचवलं, पण दोघी एकाच फ्रेममध्ये असताना एकीला कसं उलटं करणार, आणि मागे भिंतीवर देवनागरीत मंत्र कोरलेले. मग ती पोरगी मेकअप रूमच्या मागच्या गल्लीत जाऊन डाव्या हाताने आकडे म्हणत बसली, पट्टा नाही, हातात फक्त छत्री. संध्याकाळी आली आणि तिने पहिल्याच टेकला पूर्ण तुकडा काढला. शेवटी सावली जरा अवघडून, जरा उशिरा वार करते असं वाटतं ना? खूप जणांनी लिहिलं की सावलीचं ते विचित्र चालणं काय भन्नाट सुचलं. ते सुचलेलं नाही, डाव्या हाताची सवय नसल्याने तसं आलं आणि डायरेक्टर म्हणाले ठेवा.

फाइट मध्येच फास्ट आणि मध्येच स्लो का होते?

आपला टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमचा. २२ फ्रेमने शूट करून २५ ने चालवलं की हालचाल साधारण तेरा-चौदा टक्के जलद होते, हाताला चपळाई येते आणि कोणाला कळतही नाही. त्याच्या खाली गेलात तर उडालेली माती दगडासारखी पटकन खाली पडते आणि सगळं हास्यास्पद होतं. १०० फ्रेमने घेतलं तर चौपट हळू. आणि खरं कारण विचाराल तर स्लोमोशनने फुटेज वाढतं, जे डेली सिरियलला कधीच नको असतं असं नाही.

खणखणाट सेटवरचाच असतो का?

फायबरवर फायबर आपटलं की टक् असा स्वयंपाकघरातला आवाज येतो. सगळं नंतर लावलेलं, श्वाससुद्धा डबिंगमध्ये. हिरोईनला एका खोलीत उभं राहून नुसतं हं, हाः, ऊं करायला सांगतात, आणि ते तिला लढाईपेक्षा जास्त लाजिरवाणं वाटतं म्हणे.

लहानपणीची राजकुमारी लढते, तिला एवढं राबवतात का?

नाही, तिथे कायदा स्पष्ट आहे. चौदाच्या आतल्या मुलांना कलाकार म्हणून काम करता येतं, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला निदान वीस टक्के भाग तिच्या नावावर बँकेत एफडीत ठेवायचा. त्यामुळे तिच्या सीनमध्ये बहुतेक वेळ समोरचेच उडताना दिसतात. ती काठी फिरवते, बाकी वर लिहिलेली रिॲक्शनची गोष्ट.

घोडा आणि वाघ खरे होते का?

घोडा खरा, त्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी काढावी लागते. वाघ कॉम्प्युटरचा. वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांना करमणुकीच्या खेळासाठी वापरायलाच बंदी आहे, त्यामुळे खरा वाघ का नाही आणला हा प्रश्न कृपया आता नको.

कोणाला लागलं तर पुढे काय?

सेटवर ॲम्ब्युलन्स असायला हवी, फाइटच्या दिवशी आमच्याकडे असते. फायटर मंडळी मुव्ही स्टंट आर्टिस्ट्स असोसिएशनची, ती पुढे सिनेकामगारांच्या फेडरेशनशी जोडलेली, त्यामुळे विचारणारं कोणीतरी असतं. २०१७ मध्ये अक्षय कुमारने स्टंट करणाऱ्यांसाठी विम्याची योजना सुरू करून दिली, तोपर्यंत विमा कंपन्या या लोकांना उभंही करत नव्हत्या. तरी पाय मुरगळलेला माणूस सांगत नाही, क्रेप बँडेज बांधतो आणि पुढच्या टेकला उभा राहतो, कारण उद्याचं काम दुसऱ्याला जाईल. मला स्वतःला यात काहीही शौर्य दिसत नाही, पण नियम करून हे थांबत नाही, रोजावर काम आहे तोवर.

मला फायटर व्हायचंय, कुठे शिकू?

आधी अंग तयार करा, जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब, मग पडायला शिका, मग मारायला. स्टंट आर्टिस्टांच्या संघटनेचं कार्ड लागतं, त्याची चौकशी थेट संघटनेतच करा. फिल्म सिटीच्या गेटवर पैसे घेऊन कार्ड मिळवून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

शेवटच्या पाट्यांमध्ये फायटर लोकांची नावं का नसतात?

असतात कधीकधी, पण पाट्या इतक्या वेगाने जातात आणि अर्ध्या स्क्रीनवर पुढच्या एपिसोडचा प्रोमो लागलेला असतो. फाइट मास्टरचं नाव येतं, बाकीचे "आणि टीम". आम्ही प्रॉडक्शनला लेखी विचारलंय.

पुढचा फाइट एपिसोड कधी?

गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यावर चॅनल ठरवतं. सध्या पाऊस आहे, गच्चीवरचा सेट गळतोय, विग दमट हवेत सुटतायत, म्हणून दोन-तीन आठवडे राजवाड्यातली भांडणंच चालतील. हिरोईनच्या हाताला आराम आहे, डबलने मात्र डाव्या हाताचा सराव सोडलेला नाही, सावली परत येणार आहे असं तिने रायटरकडून काढून घेतलंय.